बायकांची गच्ची

सोलापूरच्या उन्हाळ्याला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. पुण्याहून पाहुणे येतात, रिक्षातून पाय खाली टाकायच्या आत सुरू, "बाई गं, कसे राहता तुम्ही इथं?" मी म्हणते, राहतो आपले, तुमच्यासारखे चार महिने ओल्या भिंती हुंगत नाही बसत. ऊन आमच्या घरचं आहे. मुक्कामाला आलेल्या जावयासारखं ते येतं. शिवरात्र झाली की दारात उभं, आणि मृग लागेपर्यंत उठायचं नाव काढत नाही. त्याला घालवून देता येत नाही आणि तोंडावर बोलताही येत नाही. त्याच्या कलानं घेत घेत आपलं तेवढं साधून घ्यायचं. माझा सगळा जन्म याच कामात गेला, कारण मी घरं काढते. म्हणजे घरांचे नकाशे.

यंदाही ते आलंय. दारातल्या कडुलिंबाचा मोहोर गळून ओट्यावर पिवळी पूड साचते, झाडली की तासाभरात परत. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. संध्याकाळी मी नळीनं गच्चीवर पाणी मारते, तापलेली फरशी चर्र करते, आणि तो वास नाकात शिरला की मी इथं राहत नाही. सत्तरच्या दशकातल्या एका वैशाखात जाऊन उभी राहते. डोक्यात सिमेंट, साडीवर गंजाचे डाग आणि रागानं कानशिलं तापलेली.

तेव्हा मी तिशीच्या आत होते. मुंबईला आर्किटेक्चर शिकून आले होते आणि वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत एक तिरकं टेबल, एक टी-स्क्वेअर आणि दारावर पाटी एवढ्यावर ऑफिस थाटलं होतं. बाईच्या नावाची पाटी गावाला ठाऊक होती ती डॉक्टरणीची, नाहीतर शिवणक्लासची. त्यामुळं सुरुवातीला माझ्याकडं ब्लाऊजची कापडं घेऊन बायका यायच्या. घराचं काम घेऊन एखादा पुरुष आला तर तो दारातूनच विचारायचा, "साहेब हायत का?"

"मीच आहे."

"न्हाय, नकाशा काढणारं साहेब."

"मीच काढते."

मग तो वहाणा पुन्हा पायात सरकवत "येतो की मग नंतर" म्हणायचा, आणि ते नंतर कधी उजाडायचं नाही. आई म्हणायची, "होईल गं हळूहळू." हळूहळू हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही. जे हळूहळू होतं ते दुसऱ्याच्या सोयीनं होतं, असा माझा अनुभव आहे.

मल्लप्पाअण्णा मात्र आले आणि बसले. डाळीचे मोठे व्यापारी. बाळीवेशीत त्यांचं जुनं धाब्याचं घर होतं आणि होटगी रस्त्याकडं नवा प्लॉट घेतलेला. घरात दोन भाषा, हिशेब मराठीत आणि भांडण कानडीत. अण्णांनी पुण्यात कुठंतरी एक नवा बंगला पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना ध्यास लागला होता. "मला मॉडर्न पायजे, बाई. कमान नको, खांब नको, ते मोर-पोपट काय बी नको. सरळ आन् सपाट. आन् पश्चिमेला ही एवढी मोठी काच." माझ्याकडं कसे आलात, असं विचारल्यावर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "दुसरं दोघं इंजिनियर मोर काढल्याबिगर ऐकत न्हायत की."

मी म्हटलं, "मोर काढणार नाही. पण पश्चिमेला काचही मिळणार नाही. दुपारी चारला त्या खोलीत डाळ भाजून निघेल."

"मग मॉडर्न कसं म्हणायचं त्येला?"

प्रश्न बरोबर होता. मॉडर्न मलाही करायचं होतं, खोटं कशाला बोलू? कॉलेजात परदेशी पुस्तकं चाळताना माझी तहानभूक हरपायची. दागिने उतरवून ठेवलेल्या बाईसारखी ती स्वच्छ घरं. सरळ रेषा, पातळ छज्जे, बाग थेट बैठकीत आलेली. एका फोटोत सपाट छपरावर एक बाई आरामखुर्ची टाकून पुस्तक वाचत बसली होती, पाय वर घेऊन, एकटी. आमचे सर त्या घराच्या छज्ज्याबद्दल बोलत होते आणि मी त्या बाईकडं बघत बसले होते. पण त्या पुस्तकांतलं ऊन वेगळं होतं. तिकडं ऊन घरात बोलवायचे, आम्हाला ते उंबऱ्याबाहेर थोपवायचं होतं. तेव्हा अण्णांना मी समजावलं की काचेऐवजी खोल छज्जे, विटांची जाळी, मधे छोटा चौक, पांढरा चुना आणि पायाला गार लागणारी मोझॅकची फरशी, हे सोलापूरचं मॉडर्न. स्वयंपाकाला उभ्यानं करायचा ओटा काढला. बंब बाहेर, धूर बाहेर. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "रस्त्यावरनं दिसायला झ्याक दिसलं म्हंजी झालं."

या सगळ्या बोलण्यात त्यांच्या बायकोचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. नीलाक्का माझ्यासाठी सरबत घेऊन यायच्या, पदर सावरत दाराआड उभ्या राहायच्या आणि रिकामा पेला घेऊन जायच्या. इरकली साडी, कपाळाला विभूती, मोठे शांत डोळे. मंद्रूप त्यांचं माहेर. नकाशाकडं त्या चोरून बघायच्या एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

चैत्रात भिंती उभ्या राहिल्या. वरचा स्लॅब टाकायच्या आधी मी एक दिवस त्यांच्या बाळीवेशीतल्या घरी जाऊन राहिले. ही माझी कामाची पद्धत, अजूनही सोडलेली नाही. आधी त्या माणसांच्या जुन्या घरात एक अख्खा दिवस काढायचा. कोण कुठं बसतं, कोण कुठं घाम पुसतं, कोण कुठून कुठं हंडे नेतं, ते बघायचं. माणसं तोंडानं सांगतात ते घर वेगळं आणि राहतात ते वेगळं.

मी गेले तो दिवस कुरडयांचा होता. भल्या सकाळी गव्हाचा चीक शिजला होता, घरभर त्याचा आंबूस गोड वास. मग पातेली, साचे, धोतराची फडकी घेऊन घरातल्या सगळ्या बाया माळवदावर. माळवद म्हणजे धाब्याच्या घराचं मातीचं सपाट छप्पर, आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. नीलाक्का, त्यांच्या जावा, तीन मुली. बारा वाजले तरी त्या वरच. पाय पोळतात म्हणून गोणपाटावर उभ्या, डोक्यावर ओला पदर, हातानं साचा पिळतायत, आणि कावळे हाकलायला एक पोरगी छत्रीखाली. मीही बसले त्यांच्यात. घामानं माझा चष्मा नाकावरून घसरत होता. शेजारच्या माळवदावर, पलीकडच्या माळवदावर, जिथं नजर जाईल तिथं बायाच बाया. पापड, सांडगे, मिरच्या, डाळी. भर उन्हात अख्ख्या बाळीवेशीचं छप्पर बायकांच्या ताब्यात होतं.

संध्याकाळी त्याच बाया पुन्हा वर गेल्या. बादल्या भरभरून माळवदावर पाणी मारलं, वाफ निघाली, मग माती गार होऊन गंधाळली. गिरणीचा भोंगा झाला. बायांनी सतरंज्या घातल्या, त्यावर गाद्या, गाद्यांवर पांढऱ्या चादरी, उशाशी तांब्या-भांडं. असं सगळं छान मांडून झालं आणि त्या खाली उतरल्या. वर अण्णा गेले, त्यांचे भाऊ गेले, मुलगे गेले, दुकानातला मुनीमही गेला. बाया माजघरात. दाराला आतून कडी, खिडकी एक, तीही हातभर. तिथं त्या ओळीनं पडल्या, हातात विंझणे घेऊन.

मी विचारलं, "नीलाक्का, तुम्ही कधी वर झोपलात का हो?"

त्या हसल्या. "झोपलो की. लगीन व्हायच्या आदी, मंद्रूपला. आमच्या अप्पाच्या कुशीत. चांदण्या मोजायचो." मग विंझण्याचा वारा लेकीकडं वळवत म्हणाल्या, "आता कसं झोपायचं बाई? चारी बाजूनी माळवदं. लोक बगतात."

दुपारी बघत नव्हते का लोक? हा प्रश्न माझ्या ओठावर आला आणि मी तो गिळला, कारण तो मला माझ्याच घरी विचारायला हवा होता. आमच्याकडं तरी दुसरं काय होतं? मी नि आई रोज पाणी मारायचो, अंथरुणं घालायचो, आणि वडील नि माझे दोघे भाऊ वर झोपायचे. आम्ही दोघी खाली. मुंबईहून पदवीचा कागद घेऊन आलेली, घरांचे नकाशे काढणारी मी, आईशेजारी भिंतीला पाठ लावून घामात भिजत झोपत होते, आणि मला त्यात काही चुकतंय असं तोवर दिसलंच नव्हतं. त्या माजघरात मला इतका संताप आला की झोप उडाली. संताप कोणाचा, हेही कळेना. अण्णांचा? वडिलांचा? का मांडलेल्या अंथरुणाकडं पाठ फिरवून शहाण्यासारख्या खाली उतरणाऱ्या आम्हा सगळ्यांचा?

अलीकडं एकदा आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी माझ्याकडं मुलाखत घ्यायला आली होती. गोड पोर. रेकॉर्डर पुढं धरून म्हणाली, "मॅडम, तुमची प्रेरणा कोण?" मी म्हटलं, "उकाडा." तिला वाटलं मी थट्टा करते. मग तिनं विचारलं, मॉडर्न आर्किटेक्चर म्हणजे तुमच्या मते काय? अगं बाई, सपाट छप्पर म्हणशील तर ते आमच्या गावात मॉडर्न शब्द यायच्या आधीपासून होतं. त्याच्यावर झोपतं कोण, हा मॉडर्न प्रश्न आहे. ती लिहून घेत होती, पण तिचं लक्ष एसीच्या गार झोताकडं होतं, आणि मला तिचा राग नाही आला. तिला निदान कोणी खोलीत कोंडत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी स्लॅबचं ड्रॉइंग बदललं. आधी गच्चीला एकच जिना होता, पुढच्या व्हरांड्यातून. मी स्वयंपाकघरामागच्या बोळातून दुसरा जिना काढला, थेट मागच्या गच्चीत उघडणारा. ती गच्ची पुढच्या गच्चीपासून भिंतीनं वेगळी केली, आणि तिच्या भोवती पुरुषाच्या उंचीच्या वर जाणारी विटांची जाळी काढली. विटा आडव्या-तिरक्या, मधे फटी, अशा की वारा आत येईल आणि नजर येणार नाही. नुसत्या कागदावर माझा विश्वास नव्हता. प्लॉटवर कोरड्या विटा रचल्या, एका गवंडी बाईला आत उभं केलं आणि रस्त्यावर जाऊन मी स्वतः डोकावून बघितलं. काही दिसलं नाही. आतून ती बाई ओरडली, "वारं लई झ्याक येतंय बाई!"

अण्णांना ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "ही मागची गच्ची कशाला?"

"घरातल्या बायकांना झोपायला."

अण्णांनी ड्रॉइंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाया गच्चीवर? आवो, लोक शेण घालतील तोंडात. आन् ही जाळी, जेलवानी दिसंल की."

"जेल आता आहे, अण्णा. माजघरात एकदा दाराला कडी लावून झोपून बघा."

"बघू," ते म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं. पण दाराआडून नीलाक्कांनी ते सगळं ऐकलं होतं. मी निघताना त्या माझ्यामागं अंगणापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरंच हुईल व्हय, बाई?" मी म्हटलं, होईल. मी शब्द दिला, आणि त्या क्षणापासून ती गच्ची माझी एकटीची राहिली नाही.

स्लॅबचा दिवस ठरला तो वैशाखातला. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून पहाटेच सुरुवात. मी पोचले तेव्हा मिक्सर घरघरत होता, शिडीपासून वरपर्यंत घमेलीवाल्या बायांची रांग लागली होती आणि पलीकडच्या कोपऱ्यात काँक्रीट पडायलाही लागलं होतं. पदर खोचून मी शिडी चढले. मला साइटवर साडीत बघून हसणारे तोवर हसून थकले होते. सळया तपासत तपासत मागच्या बाजूला आले आणि जागीच थबकले. मागच्या जिन्यासाठी स्लॅबमध्ये जे चौकोनी तोंड ठेवायचं होतं, ते नव्हतंच. खाली फळ्या सलग ठोकलेल्या, वरून सळया आरपार बांधलेल्या. काही घटकांत त्यावर काँक्रीट पडणार होतं. एकदा पडलं की संपलं. स्लॅब म्हणजे पोळी नव्हे, पुन्हा लाटता येत नाही.

"हे काय?" मी इराप्पा गुत्तेदाराला विचारलं.

त्यानं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. "अण्णांनी सांगितलं, ते भोक बुजीव म्हणून."

"काम थांबवा."

"आता कसं थांबतंय बाई? माल भिजलाय. परमिटचं शिमिट हाय, वाळलं तर दुसरं कोण देतंय?"

तोवर अण्णा नारळ वाढवून वर आले. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि अण्णांनी ते मिळवायला किती उंबरे झिजवले ते मला ठाऊक होतं. मी त्या बांधलेल्या सळयांवर जाऊन उभी राहिले. "सळया काढल्याशिवाय इथं एक घमेलं पडणार नाही."

"बाई, घर माझं हाय का तुमचं?"

"घर तुमचं. नकाशा माझा आहे. आणि तुमच्या बायकोला मी शब्द दिलाय."

"माझ्या बायकोला इचारलंय कुणी?" अण्णांचा आवाज चढला. "उद्यापास्नं दुसरा इंजिनियर आणतो मी. मोर काढू दे न्हायतर हत्ती काढू दे!"

खालून हुग्गीचा वास येत होता. स्लॅबच्या दिवशी कामगारांना गोडाचं जेवण असतं, ते घेऊन नीलाक्का आल्या होत्या. त्यांनी वरचं बोलणं ऐकलं असणार, कारण एकदम शिडी करकरली आणि घमेलीवाल्या बाया बाजूला झाल्या. नीलाक्का वर आल्या. गच्चीवर चढायची त्यांना सवय होतीच, पण बांबूच्या शिडीवर, परक्या गड्यांसमोर? डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या वर आल्या, कोणाकडं बघितलं नाही. माझ्याकडं आल्या.

"आमचा जिना कुटं, बाई?"

मी पायाखाली बोट केलं. "इथं होता."

त्यांनी एकदा त्या सळयांकडं बघितलं. मग सरळ खाली बसल्या, त्या गंजक्या सळयांवर, मांडी घालून. देवळात बसतात तशा.

अण्णा कानडीत काहीतरी खेकसले. नीलाक्का मराठीत बोलल्या. सगळ्यांना कळावं म्हणूनच बोलल्या, असं माझं ठाम मत आहे. "टाका की. मला धरूनच टाका. लगीन झाल्यापास्नं आत शिजायलोय आमी, आता ह्यात शिजतो. तुमचं अंथरूण घालायचं आमी, पाणी मारायचं आमी, दुपारच्याला कुरडया घालायला लोक बगत न्हायत, आन् झोपायला बगतात व्हय?"

मिक्सर चालूच होता. रांगेत उभ्या बायांच्या डोक्यावरून काँक्रीटचं पाणी ओघळत होतं. त्यांतली पहिली बाई, मुकादमाची बायको, तिनं घमेलं खाली ठेवलं. खण् आवाज झाला. म्हणाली, "अव्वा उठंस्तोवर मी टाकत न्हाय." मागचीनंही ठेवलं. तिच्या मागचीनंही.

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, एकदोन केलीही. पण त्या खण् खण् आवाजासारखं काही ऐकलं नाही. मी रडू नये म्हणून इराप्पावर ओरडले, "बघता काय, पक्कड आणा!"

तरी अण्णा हलेनात. बायकोकडं बघत होते, माझ्याकडं बघत होते, मग त्यांची नजर घमेल्यांतल्या मालाकडं गेली. वर ऊन चढत होतं. त्या उन्हात काँक्रीट किती भरभर सुकतं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. शेवटी व्यापारी माणूस. "काढ की रं सळया!" ते इराप्पावर खेकसले. "हुबा काय राहिलास? शिमिट वाळायलंय!"

काही म्हणा, त्या दिवशी बायकांची बाजू घेतली ती परमिटच्या सिमेंटनं. मी उपकार मानते त्याचे. सळया कापल्या, वळवल्या, चौकोनाच्या चारी बाजूंना फळ्या ठोकल्या. नीलाक्का फक्त थोड्या सरकल्या आणि फळी ठोकून होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. "आमच्या माणसाचा भरवसा न्हाय मला," त्या माझ्या कानात म्हणाल्या आणि पदराआड इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. एका मुलीनं वर छत्री आणून दिली. आम्ही दोघी छत्रीखाली, भोवती काँक्रीट पसरत होतं आणि मधे आमचं चौकोनी भोक शाबूत.

पुढच्या उन्हाळ्यात त्या घरातल्या बाया गच्चीवर झोपायला लागल्या. लोकांनी तोंडात शेण घातलं का? घातलं, थोडे दिवस. मग तेच लोक माझ्याकडं यायला लागले. दारात वहाणा काढायचे, आत येऊन बसायचे आणि खाली मान घालून म्हणायचे, "ते अण्णाच्या घरातल्यावानी मागचा जिना पायजे. घरातली ऐकत न्हाय." साहेब हायत का, हे विचारणं बंद झालं. अण्णा तर पाहुण्यांना मागची गच्ची दाखवून सांगायचे, "ही कल्पना माझी." सांगू देत. ज्यांच्यासाठी होती त्यांना ठाऊक होतं. आता त्या भागात उंच इमारती झाल्या, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आणि डिशा आल्या, बाया-पुरुष सगळेच आत गारठ्यात झोपतात. लोक म्हणतात, मग काय राहिलं तुमच्या त्या गच्चीचं? राहिलं नाही, तर नाही राहिलं. हवेवर हक्क आधी मिळवावा लागतो, मग तो वापरायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पण त्या वैशाखातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्या दिवसाची संध्याकाळ. स्लॅब पुरा करून मी घरी आले. न्हाणीत केसांतलं सिमेंट निघता निघेना. मग रोजच्यासारख्या मी नि आई बादल्या घेऊन माळवदावर गेलो. पाणी मारलं, वाफ निघाली. अंथरुणं घातली, वडिलांचं, दोघा भावांचं. आई खाली निघाली तशी मी गेले आणि माझी गादी काखोटीला मारून वर आणली. घातली. वर चादर घातली.

जेवण उरकून वडील वर आले. शाळामास्तर माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. "हे कुणाचं?"

"माझं."

"खाली काय झालं?"

"खाली उकडतं."

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, अगं आजूबाजूला सगळे असतात."

"असतात ना. मी काय चोरी करते?"

"तुझ्या त्या नव्या घरांत चालत असेल हे," वडील म्हणाले. "हे माझं घर आहे."

सकाळी परक्या माणसांत, शंभर डोळ्यांसमोर माझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता. आता कापला. मी गादीवर बसूनच घेतलं. "माझंही आहे," मी म्हटलं. "मी इथंच झोपणार आहे, बाबा. आजपासून रोज."

वडिलांनी पाठ फिरवली आणि आडवे झाले. भाऊ चादरीत तोंड घालून पडले. आई रिकामी बादली हातात धरून जिन्याशी उभी होती. मला वाटलं, ती आता काहीतरी बोलेल, माझ्या बाजूनं नसेल तर नसू दे, पण बोलेल. ती काही न बोलता खाली गेली. खालच्या दाराचा आवाज आला. वडिलांच्या पाठीपेक्षा मला तोच जास्त लागला. मी जिंकले होते, आणि एवढ्या मोठ्या माळवदावर मी एकटीच बाई होते. वर आभाळ गच्च चांदण्यांनी भरलेलं, अंगाला गार वारं लागत होतं, आणि मला त्यातलं काही गोड लागेना. खाली आई आता भिंतीशी एकटी, विंझणा हलवत पडली असेल, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

मग जिन्यावर पावलं वाजली. आई होती. एका हातात उशी, दुसऱ्या हातात तांब्या, काखेत वळकटी. वडील उठून बसले. "आता तू पण?"

आईनं तांब्या खाली ठेवला, वळकटी माझ्या गादीला लागून उलगडली आणि मला कोपरानं ढोसलं.

"सरक पलीकडं," ती म्हणाली. "वाऱ्याची बाजू माझी."